प्रसिद्ध होणे आणि प्रसिद्धी : ग्रंथाच्या जनसंपर्काचा पूर्वेतिहास

‘पुस्तक प्रसिद्ध झाले’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ संभवतात. ते छापून बाहेर पडले, हा एक; ते सर्वांना ठाऊक झाले, हा दुसरा. या दोन घटनांमध्ये अंतर असते. पहिली घटना मुद्रक आणि प्रकाशक यांच्या हाती असते; दुसरी मात्र परीक्षक, ग्रंथविक्रेता, ग्रंथालय आणि तोंडोतोंडी होणारी चर्चा यांच्या स्वाधीन आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या अभिग्रहणलक्ष्यी इतिहासाच्या कल्पनेतही हे गृहीतक दडलेले आहे. वाचकांच्या ‘अपेक्षांचे क्षितिज’ त्यांच्या पूर्ववाचनातून व जीवनानुभवातून घडते, असे तेथे मानले जाते. परंतु हे क्षितिज मोबदला घेऊन घडवून देणारा एक स्वतंत्र व्यवसाय पहिल्या महायुद्धानंतरच्या न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. त्याच्या अगदी आरंभीच्या ग्राहकांत एक ग्रंथप्रकाशक होता.

पुस्तकाची वाहवा विकत घेण्याची प्रथा त्याहून जुनी आहे. लंडनचा प्रकाशक हेन्री कोल्बर्न हा तिचा एकोणिसाव्या शतकातील सर्वांत निर्ढावलेला प्रतिनिधी. ‘न्यू मंथली मॅगझिन’ त्याचेच होते आणि १८१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लिटररी गॅझेट’मध्येही त्याची मालकी होती. १८२६ मध्ये त्याने बेंजामिन डिझरायली यांची ‘व्हिव्हियन ग्रे’ ही कादंबरी लेखकाचे नाव न देता काढली. उच्चभ्रू समाजातील कोणा माहितगाराने आपल्याच वर्तुळाची गुपिते फोडली आहेत, अशी कुजबुज नियतकालिकांतून पेरण्यात आली. लेखक हा त्या वर्तुळाबाहेरचा एकवीस वर्षांचा तरुण आहे, हे उघड झाल्यावर टीकाकार चवताळले. कादंबरीच्या गुणदोषांपेक्षा आपली फसवणूक झाल्याचा राग त्यात अधिक होता. भारतात शिक्षणविषयक टिपणामुळे परिचित असलेल्या मेकॉले यांनी १८३० मध्ये ‘एडिंबरो रिव्ह्यू’मध्ये रॉबर्ट मॉन्टगोमेरी यांच्या कवितेवर जो घणाघाती लेख लिहिला, त्याचेही खरे लक्ष्य हीच प्रथा होती. पुस्तक काढणारा आणि त्याची स्तुती छापणारा एकच असतो, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. मॉन्टगोमेरींच्या आवृत्त्या त्यानंतरही निघतच राहिल्या, हा भाग वेगळा.

कोल्बर्नचा व्यवहार अप्रामाणिक असला तरी त्याचा माग काढता येत होता. नियतकालिकाचा मालक कोण, एवढे कळले की स्तुतीचा उगम कळे. पुढील शतकात जे घडले त्याचे स्वरूप वेगळे होते आणि त्याचा पहिला प्रयोग एका नाटकावर झाला. यूजेन ब्रिओ या फ्रेंच नाटककाराचे उपदंशावरील नाटक ‘डॅमेज्ड गुड्स’ या नावाने १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर यायचे होते. पोलिसांचा आक्षेप येणार, हे उघड होते. त्या वेळी एका वैद्यकीय मासिकाच्या संपादनात सहभागी असलेल्या एडवर्ड बर्नेज या बावीस वर्षांच्याही आतल्या तरुणाने नाटकाची तरफदारी स्वतः केली नाही. त्याने मासिकाच्या नावाने एक समाजशास्त्रीय निधी समिती स्थापन केली, प्रतिष्ठितांना सभासद करून घेतले आणि थोरल्या रॉकफेलरच्या मुलाचाही पाठिंबा मिळवला. नाटकावर धाड पडली नाही. लैंगिक रोगांविषयीचे मौन सुटावे, हा हेतू प्रामाणिक असेलही. पण प्रेक्षक जे पाहायला गेला ते नाटक होते की समितीने प्रमाणित केलेले सामाजिक कर्तव्य, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

युद्धकाळात अमेरिकी सरकारच्या लोकमाहिती समितीत काम करून बर्नेज यांनी १९१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे कार्यालय थाटले. त्यांना आपल्या पुस्तकांच्या प्रसिद्धीचे काम देणारा प्रकाशक होता होरेस लिव्हराइट. १९१७ मध्ये अल्बर्ट बोनी यांच्यासह त्याने स्थापन केलेल्या ‘बोनी अँड लिव्हराइट’ने ‘मॉडर्न लायब्ररी’ ही स्वस्त ग्रंथमाला सुरू केली होती. एलियट यांच्या ‘द वेस्ट लँड’ची १९२२ ची ग्रंथरूप आवृत्ती आणि ड्रायझर यांची १९२५ ची ‘अॅन अमेरिकन ट्रॅजेडी’ ही याच संस्थेची प्रकाशने. १९२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ग्रंथांवर कडक बंधने आणणारे विधेयक पुढे आले, तेव्हा त्याच्याशी उघडपणे झुंजणारा प्रकाशक जवळजवळ हा एकटाच. अमेरिकी आधुनिकतावादाला घर देणारा आणि जनसंपर्काच्या धंद्याला साहित्यात दार उघडून देणारा माणूस एकच असावा, हा निव्वळ योगायोग नाही. आधुनिकतावादी साहित्यकृतीला तयार वाचक नव्हता. तो घडवावा लागणार होता. प्रस्थापित प्रकाशक मुख्यतः वाङ्मयीन पुरवण्यांतून, आधीच वाचत असलेल्यांसाठी जाहिराती देत. बर्नेज यांनी पुस्तकाला वार्तेचा दर्जा देऊन ते पुरवणीतून वर्तमानपत्राच्या इतर पानांवर नेले. पुस्तकाच्या विषयातून एखादा वादाचा मुद्दा काढायचा, त्यावर कोणा जाणकाराला बोलते करायचे आणि तो मजकूर तयार स्वरूपात संपादकांकडे पाठवायचा, अशी ही रीत होती.

याच काळात बर्नेज यांनी लिव्हराइटकडे एक पुस्तक आणले. लेखक सिग्मंड फ्रॉइड. बर्नेज हे फ्रॉइड यांच्या बहिणीचे पुत्र आणि फ्रॉइड यांच्या पत्नीच्या भावाचेही पुत्र, म्हणजे दोन्हीकडून भाचेच. मामांना पाठवलेल्या सिगारांच्या बदल्यात त्यांना मनोविश्लेषणावरील व्याख्यानांची प्रत मिळाली होती. तिचे इंग्रजी रूपांतर १९२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाले. १९०९ मध्ये फ्रॉइड यांना अमेरिकेत बोलावणारे मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांची प्रस्तावना त्याला जोडलेली होती. भाषांतरातील चुकांनी फ्रॉइड नाराज झाले, आणि जोन रिव्हिएर यांचे दुसरे भाषांतर १९२२ मध्ये लंडनहून आले. मात्र चलनवाढीने पोळलेल्या व्हिएन्नात डॉलरमधील मानधनाचे मोल मोठे होते, आणि फ्रॉइड यांनी ते नाकारले नाही. अमेरिकी मासिकांत सुबोध लेख लिहिण्याची तयारीही त्यांनी दाखवली होती. पण ‘कॉस्मोपॉलिटन’च्या संपादकांनी घरातील पती-पत्नींच्या मानसिक स्थानासारखे विषय सुचवताच ते संतापले आणि त्यांनी तो विषय संपवला. आपला विचार वाचकापर्यंत जावा हे लेखकाला हवे असते. वाचकाला काय हवे ते ठरवून मग विचार मागणारा मध्यस्थ त्याला सोसत नाही. हा ताण त्या पत्रव्यवहारात जितका उघडा पडला तितका क्वचितच पडतो.

बर्नेज यांनी जनसंपर्काची कल्पना मामाच्या मनोविश्लेषणातून उचलली, असे सर्रास सांगितले जाते. ते फारसे खरे नाही. त्यांचे १९२३ चे ‘क्रिस्टलायझिंग पब्लिक ओपिनियन’, जे लिव्हराइटनेच काढले, वॉल्टर लिपमन यांच्या आदल्या वर्षीच्या ‘पब्लिक ओपिनियन’वर आणि कळपप्रवृत्तीच्या तत्कालीन सिद्धान्तांवर अधिक विसंबून आहे. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने त्यातील कळीची गोष्ट मात्र वेगळीच. माणूस ज्या गटात वावरतो त्या गटाच्या अधिकारी व्यक्तींमार्फत त्याचे मत वळवता येते, अशी ती धारणा. जाहिरातीवर ग्राहकाची सही असते. ती वाचताना वाचक सावध असतो. जनसंपर्कात सही दुसऱ्याची असते, आणि त्या दुसऱ्याने पैसे घेतलेले नसतात. त्याचे मत प्रामाणिकही असू शकते. विकत घेतलेला असतो तो प्रसंग, ज्यामुळे ते मत नेमके त्या आठवड्यात, त्या शब्दांत व्यक्त झाले. कोल्बर्नला परीक्षक विकत घ्यावा लागे. बर्नेज यांना स्वतंत्र परीक्षकच हवा होता, कारण त्याचे स्वातंत्र्य हाच या धंद्याचा कच्चा माल. समीक्षकाच्या निःस्पृहतेवरील घाव लाचेपेक्षा येथे अधिक खोल जातो. लाच नाकारता येते, पण आपल्या खऱ्या मताचा झालेला वापर नाकारण्याची सोय नसते.

मंदीत हा तर्क टोकाला गेला. १९३० च्या सुमारास काही अमेरिकी प्रकाशकांनी कादंबऱ्यांची किंमत एका डॉलरवर आणली. त्याला विरोध असलेल्या प्रकाशकांनी बर्नेज यांना नेमले. या वेळी विशिष्ट पुस्तक नव्हतेच. पुस्तक ही वस्तूच खपवायची होती. पुस्तके उसनी नेणाऱ्याला हिणवणारा शब्द शोधण्याची स्पर्धा जाहीर झाली आणि ‘बुकस्नीक’ हा शब्द निवडला गेला. तो भाषेत फारसा रुजला नाही. दुसरी युक्ती मात्र विलक्षण होती : वास्तुविशारद, बांधकाम कंत्राटदार आणि गृहसजावटकार यांना नव्या घरांच्या भिंतींतच पुस्तकांचे कप्पे बसवण्यास प्रवृत्त करायचे. रिकामा कप्पा डोळ्यांत खुपतो आणि भरला जातो. कशाने, हे ठरवण्याची गरज उरत नाही.

लिव्हराइट तोवर संस्थेतून बाहेर फेकला गेला होता. १९३३ मध्ये तो वारला. बर्नेज १९९५ पर्यंत जगले. त्यांची कागदपत्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. विसाव्या दशकातील अमेरिकी वाचकाच्या अभिरुचीचा पुरावा म्हणून वर्तमानपत्री कात्रणे हाताळणाऱ्या अभ्यासकाला त्या खोक्यांची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण त्या कात्रणांपैकी काहींचा पहिला खर्डा बर्नेज यांच्याच कार्यालयात तयार झालेला असू शकतो.