दोन पायऱ्यांमधला स्वर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या भाच्याकडे मॉड्युलर सिंथेसायझर आहे. लाकडी चौकट, तिच्यात खोके आणि खोक्यांतून लोंबणाऱ्या वायरी. एकदा त्याने मला बोलावलं. ‘मामू, ऐका ना, हा स्वर थांबतच नाही!’ खरंच, सा आणि कोमल रे यांच्यामध्ये यंत्र दारातल्या संकोची पाहुण्यासारखं आत-बाहेर करत होतं. मी साधा बी.ए. झालेला कवी, पण या खोडीमागचा इतिहास मोठा रंजक निघाला.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साथीने अशा यंत्राचा पहिला नमुना बनवला. त्यात स्वर म्हणजे विजेचा दाब. दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर. सप्तकात बारा पायऱ्या, म्हणजे एकीला सुमारे ८३ मिलिव्होल्ट. घड्याळातल्या सेलच्या दीड व्होल्टात दीड सप्तक मावतं!

पट्टी दाबली तर ठरावीक दाब मिळतो. पण तो दुसऱ्या एखाद्या लहरीतून आला, तर मधेच कुठेही असतो. त्याला जवळच्या पायरीवर बसवतो तो क्वांटायझर. दाब नेमका दोन पायऱ्यांच्या मध्यावर आला की पंचाईत. वीजपुरवठ्यातली जराशी खरखर त्याला कधी वर ढकलते, कधी खाली.

भाच्याने मीटर लावला. क्वांटायझरमधून बाहेर पडणारा दाबच उड्या मारत होता. तो स्थिर असता तर दोष ऑसिलेटरचा. मग त्याने आत येणारा दाब किंचित सरकवला आणि फक्त ठोका पडताना तो मोजला जाईल अशी जोडणी केली. स्वर बसला.

मूग यांच्या सुरुवातीच्या ऑसिलेटरांचं दुखणं वेगळं होतं. खोली तापली की स्वर सरकायचा. वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली बाखचं संगीत याच यंत्रावर ध्वनिमुद्रित केलं, ते तुकड्या-तुकड्याने, पुन:पुन्हा स्वर जुळवत.

हे यंत्र आपल्याकडेही लवकर आलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचा स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाईंसारख्या जाणकारांनी तिथे काम केलं. त्या टेप कित्येक दशकं पडून होत्या. त्यांतल्या निवडक २०२३ साली प्रकाशित झाल्या.

पायऱ्यांचं भांडण मात्र आपल्याकडे त्याहून जुनं. ज्या माध्यमातून मी बोलतो आहे, त्यानेच १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला बंदी केली होती. आक्षेप हाच, की बारा पट्ट्यांत श्रुती नाहीत, मींड नाही. बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. पेटीची साथ ऐकत वाढलेल्या मला ही बंदी अन्यायाचीच वाटते. आक्षेप मात्र खोटा म्हणवत नाही. गझल लिहिणाऱ्याला हा पेच ठाऊक असतो. उर्दूत ‘मेरा’मधला ‘रा’ गरजेप्रमाणे लघु म्हणता येतो. मराठीत दीर्घ तो दीर्घच.

मी भाच्याला म्हटलं, ‘दरबारीतला कोमल गंधार वाजव, झुलता.’ क्वांटायझरमधून तो जिना उतरल्यासारखा ठक-ठक आला. भाच्याने क्वांटायझरची वायर उपसली आणि सरळ ऑसिलेटरला जोडली. गंधार झुलू लागला. ‘मामू,’ तो म्हणाला, ‘मग दुपारभर आपण दुरुस्त काय केलं?’