गुहेचे दार कोणत्या दिशेस? : 'अर्-रकीम'च्या शोधाची कथा

कुराणाच्या अठराव्या सुरेचे नावच 'अल्-कहफ', म्हणजे 'गुहा'. आपली श्रद्धा वाचविण्यासाठी काही तरुण एका गुहेत आश्रय घेतात, ईश्वर त्यांना वर्षानुवर्षे निद्रिस्त ठेवतो आणि जागे झाल्यावर त्यांतील एक जण जुने नाणे घेऊन अन्न आणायला नगरात जातो, तेव्हा त्यांचे रहस्य उघडकीस येते, असा या कथेचा सांगाडा आहे. सोबत एक कुत्राही आहे. परंतु नगर कोणते, राजा कोण, याबाबत सुरा मौन बाळगते. तरुण तीन होते, पाच होते की सात, यावर लोक वाद घालतील हे ती स्वतःच सांगून टाकते आणि त्या वादात फार शिरू नये असेही बजावते. असे असूनही या गुहेचा ठावठिकाणा शोधण्याचा उद्योग हजार-बाराशे वर्षे चालू राहिला. एफेसस, तार्सस, अफशीन, दमास्कसजवळचा कासियून डोंगर, अम्मानचा परिसर, आणि पूर्वेकडे पार तुर्फानजवळचे तुयुक. या सर्वांनी 'ती गुहा आमचीच' असे म्हटले आहे. ग्रंथाच्या मौनातून नकाशा कसा निर्माण होतो हे पाहायचे असेल तर याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

शोध घेणाऱ्यांच्या हाती मुळात पुरावे मोजके होते. पहिला पुरावा म्हणजे एक शब्द. सुरा या तरुणांना 'गुहेचे आणि रकीमचे सोबती' असे संबोधते. हा रकीम म्हणजे काय? धातू र-क-म, अर्थ लिहिणे, खूण करणे. आपल्या मराठीतली 'रक्कम' याच धातूतून आलेली आहे. त्यामुळे तरुणांची नावे कोरलेली शिळा म्हणजे रकीम, असा एक अर्थ सहज निघतो. पण अल्-तबरीने (मृत्यू ९२३) आपल्या भाष्यात परंपरेने आलेली मते जमविली आहेत, ती वाचताना मौज वाटते. कुणी म्हणतो ते एका खोऱ्याचे नाव, कुणी गावाचे, कुणी डोंगराचे. इब्न अब्बास यांच्या नावावर तर दोन परस्परविरोधी मते आहेत: एका परंपरेत ते आयलाजवळच्या, म्हणजे आजच्या अकाबाजवळच्या, खोऱ्याकडे बोट दाखवितात, दुसरीत रकीम म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक नाही, असे सांगतात. तबरीचा स्वतःचा कौल लेखाच्या बाजूने आहे. तथापि त्याने बाकीची मते पुसून टाकली नाहीत. आमच्या दृष्टीने ही त्याची मोठीच कामगिरी होय. पुढच्या शोधकांपैकी प्रत्येकाने आपापल्या गुहेचे बीज याच यादीतून उचलले.

विसाव्या शतकात चार्ल्स टॉरी यांनी आणखी एक तर्क मांडला. ख्रिस्ती परंपरेत या तरुणांचा छळ करणारा सम्राट म्हणजे डेशियस (कारकीर्द २४९–२५१). अरामी लिपीत त्याच्या नावातील अक्षरे दुसऱ्या, दिसायला जवळच्या अक्षरांसारखी वाचली गेली आणि 'रकीम' निर्माण झाला, असे टॉरींचे म्हणणे. ते खरे मानले तर जो शब्द घेऊन लोक गावे शोधत फिरले, तो मुळात लेखनिकाच्या डोळ्याचा चकवा ठरतो. तर्क चतुर आहे, पण सिद्ध झालेला नाही.

ख्रिस्ती परंपरेला मात्र स्थानाबद्दल शंका नव्हती. सहाव्या शतकाच्या आरंभी सरूगच्या याकोबाने या सप्तनिद्रितांवर सुरयानी भाषेत काव्यमय प्रवचन रचले, आणि त्याच शतकातील यात्रावर्णनात एफेससची नोंद आढळते. १९२०च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा गुहेभोवती चर्च, शेकडो थडगी आणि भिंतींवर भाविकांनी कोरलेले लेख सापडले. म्हणजे पाचव्या-सहाव्या शतकांत लोक तेथे श्रद्धेने येत होते, एवढे निश्चित. अनेक मुस्लिम भाष्यकारांनीही एफेसस (त्यांच्या लेखनात 'अफसूस') स्वीकारले.

परंतु स्वीकारणे वेगळे आणि जाऊन पाहणे वेगळे. नवव्या शतकात अब्बासी खलिफा अल्-वासिक (कारकीर्द ८४२–८४७) याने मुहम्मद इब्न मूसा या ज्योतिर्विदाला बायझंटाइन मुलखात ही गुहा पाहण्यासाठी धाडले. त्याची हकिकत इब्न खुर्दाजबिहने नोंदविली आहे. गुहेच्या रखवालदाराने त्याला बजावले की देहांना हात लावाल तर अनिष्ट घडेल. ज्योतिर्विदाने ती जबाबदारी स्वतःवर घेतली, देह चाचपून पाहिले, तो त्यांना कोरफडीचा बोळ, गंधरस आणि कापूर चोपडलेला. पुढे रखवालदाराने जेवण आणले. ते तोंडात घालताच विपरीत वाटल्याने पाहुण्यांनी बाहेर काढले. आपली भविष्यवाणी खरी ठरावी म्हणून त्याने विषप्रयोगाचा घाट घातला होता, असा ज्योतिर्विदाचा निष्कर्ष. तीर्थक्षेत्राच्या व्यवस्थेचे इतके कोरडे आणि सावध निरीक्षण त्या काळी क्वचितच कुणी केले असेल. देह हीच गुहावासीयांची शरीरे आहेत, असे त्याने मान्य केले नाही.

दुसरा पुरावा सूर्याचा. सुरेत सांगितले आहे की उगवता सूर्य गुहेच्या उजवीकडे कलतो आणि मावळता सूर्य डावीकडून निघून जातो. चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न कसीरने यावरून भूमितीच मांडली. दार पूर्वेला असते तर मावळतीचे ऊन आत आले नसते, पश्चिमेला असते तर सकाळचे नसते, दक्षिणेला असते तर दोन्ही वेळी नसते. म्हणून दार उत्तरेलाच असले पाहिजे! विसाव्या शतकात इराणचे तबातबाई आपल्या 'अल्-मीज़ान' या भाष्यात नेमक्या उलट बाजूस, दक्षिणेस, कौल देतात. उजवीकडे 'सूर्य' आहे असे न मानता उजव्या भिंतीवर 'ऊन' पडते असे मानले, तर दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला तेही पटते. वचन एकच, शब्द तेच. फक्त उजवे-डावे कुणाचे हे ठरविले की डोंगराची बाजू बदलते. एफेससच्या गुहेचे तोंड ईशान्येकडे असल्याने दक्षिणवादी तिला बाद ठरवितात. आमच्या इकडे इंदूरच्या सरदार माधवराव किबे यांनी रामायणातील वर्णनांच्या आधारे लंका अमरकंटकला नेली होती, त्याची येथे आठवण होते. काव्यातील दिशा मोजपट्टीला लावल्या की असेच होते.

इब्न कसीरची आणखी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दिशा ठरवून झाल्यावर तो म्हणतो की गुहेची जागा कळण्यात आपले काही हित असते, तर ईश्वराने ती सांगितली असती. भूमिती करून पाहणारा आणि तिच्या मर्यादेवर थांबणारा हा भाष्यकार आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटतो.

विसाव्या शतकाने थांबणे नाकारले. अम्मानच्या दक्षिणेस अर्-रजीब नावाच्या गावाजवळ एक दक्षिणाभिमुख गुहा आहे. १९६०च्या दशकात जॉर्डनच्या पुरातत्त्व खात्याच्या रफीक अद्-दजानी यांनी तेथे उत्खनन केले. आत बायझंटाइन काळातील थडगी, वर आणि समोर मशिदींचे अवशेष. रकीमचे बोलीभाषेत रजीब झाले, असा भाषिक दुवाही जोडण्यात आला. त्याला जुना आधार नाही असे नाही: दहाव्या शतकातील अल्-मुकद्दसीला अम्मानजवळचे रकीम गाव ठाऊक होते. पण तेथे तो गोष्ट सांगतो ती शिळेने कोंडलेल्या तीन माणसांची, आणि ती वेगळीच आहे. याकूतलाही (मृत्यू १२२९) हा दावा माहीत होता. त्याने तो नोंदवून रोमनांच्या मुलखालाच पसंती दिली. अडचण काळाचीही होती. सुरेत निद्रेचा काळ तीनशे वर्षे आणि वर नऊ असा येतो. डेशियसपासून दुसऱ्या थिओडोसियसपर्यंत (कारकीर्द ४०८–४५०) दोनशेही भरत नाहीत. मग अम्मानच्या समर्थकांनी डेशियस काढून त्याच्या जागी ट्राजन (९८–११७) बसविला आणि हिशेब जुळविला. येथे आम्हांला थबकावेसे वाटते. जागा ठरविण्यासाठी काळ बदलायचा, काळ ठरविण्यासाठी जागेचा दाखला द्यायचा, आणि दोन्हींना ग्रंथाचा आधार आहे म्हणायचे, ही पद्धत पुरातत्त्वाची नव्हे. थडगी खरी आहेत, मशिदी खऱ्या आहेत. त्या गुहेत कोण झोपले होते हे त्या सांगत नाहीत.

भारतातील उर्दू विद्वानांनी तिसरीच वाट धरली. सय्यद सुलेमान नदवी आणि मौलाना अबुल कलाम आझाद यांनी रकीम म्हणजे नबाती लोकांची राजधानी पेट्रा, असे मानले. १९४२ ते १९४५ अहमदनगरच्या किल्ल्यात कैद असलेले आणि तेथे 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रे लिहिणारे आझाद मराठी वाचकाला परिचित असतात. त्यांच्या 'तर्जुमानुल कुराण'मधील हा ऐतिहासिक भूगोल मात्र फारसा नसतो. त्यांच्या तर्काला आधार होता तो जोसेफसचा. पेट्राचे स्थानिक नाव 'रेकेम' असल्याचे त्याने पहिल्या शतकात लिहून ठेवले होते. पुढे पेट्राच्या प्रवेशखिंडीजवळच्या नबाती लेखात 'रक्मू' हे नगरनाम प्रत्यक्ष वाचले गेले. नावापुरता तर्क खरा ठरला. नावापासून गुहेपर्यंतचे अंतर मात्र तसेच राहिले.

फ्रेंच इस्लामविद् लुई मासिन्यों (मृत्यू १९६२) यांनी आयुष्याची अनेक वर्षे या सर्व गुहांच्या नोंदी गोळा करण्यात घालविली. त्यांनी त्यांतील एक 'खरी' म्हणून निवडली नाही. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात व्ह्यू-मार्शेजवळ सात संतांचे एक छोटे प्रार्थनामंदिर प्रागैतिहासिक शिळांच्या दालनावर उभे आहे. तेथील जुन्या ख्रिस्ती यात्रेत १९५४पासून त्यांनी मुसलमानांनाही बोलाविले. अल्जीरियाचे युद्ध त्याच वर्षी पेटले. प्रत्येक जुलैत भरणाऱ्या त्या यात्रेत झऱ्याकाठी अल्-कहफचे पठण होऊ लागले, आणि त्या शिळांच्या दालनाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे सुरेशी ताडून पाहण्याची गरज तेथे जमणाऱ्यांना भासली नाही.