हापसा, बोअर आणि जालन्याचे मिशनरी

मराठवाड्यात हापसा पाहिला नाही असा माणूस सापडणे कठीण. गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या मागे, मशिदीच्या भिंतीला लागून, मरीआईच्या देवळापुढे तो उभा असतो. त्यावर कुणाचे नाव नसते. तो सरकारने दिला, एवढेच आपल्याला माहीत असते आणि ते बहुतांशी खरेही आहे. पण सरकारच्या हाती येण्याआधी त्याची घडण आपल्याच दोन शहरांत झाली, जालना आणि सोलापूर. ती करणाऱ्यांत ख्रिस्ती मिशनचे लोक होते. हा इतिहास मराठीत फारसा कुणी सांगत नाही. मिशनरी म्हटले की आपल्याकडे चर्चा धर्मांतरावर सुरू होते आणि तिथेच संपते.

जालन्याचे मिशन जुने. मूळचे ब्राह्मण असलेले नारायण शेषाद्री १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. पुढे स्कॉटिश मिशनचे काम करताना त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. त्यात मांग समाजातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. हा मुलूख तेव्हा निजामाचा. या वसाहतीसाठी जमीन मिळाली ती हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून. मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, ब्राह्मण घरातून आलेल्या पाद्र्याने, गावाबाहेर टाकलेल्या लोकांसाठी गाव उभे केले. दख्खनच्या इतिहासात अशा गोष्टी घडत आल्या आहेत, फक्त आजच्या खाचांत त्या बसत नाहीत.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात देशात लागोपाठ दुष्काळ पडले. बिहारची परिस्थिती जगभर गाजली आणि १९६७ साली युनिसेफने कठीण खडक फोडणारी यंत्रे विमानाने भारतात आणली. त्याच सुमारास जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने ‘वॉर ऑन वॉन्ट’ या ब्रिटिश संस्थेच्या मदतीने गावोगाव बोअर घ्यायचे काम हाती घेतले होते.

आपला खडक कसा आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय या कामाची किंमत कळत नाही. दख्खनचे पठार म्हणजे लाव्हारसाचे थरावर थर. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळाकभिन्न पाषाण. नदीकाठच्या गाळात नळी ठोकली की पाणी लागते, तसे इथे होत नाही. पाणी असते ते खडकाच्या भेगांत, सच्छिद्र थरांत, दोन थरांच्या सांध्यात. आडाला, विहिरीला हे पाणी लागेपर्यंत पहारी, घण आणि सुरुंग यांनी महिनोन्‌महिने खणावे लागे. तरी दुष्काळात वरचे पाणी आटले की विहीर कोरडी. नव्या यंत्राचा हातोडा नळीच्या टोकाशी, म्हणजे खड्ड्याच्या तळाशीच चालतो. वरून कॉम्प्रेसरची हवा येते, तीच हातोडा चालवते आणि तीच दगडाची भुकटी वर फेकते. दीडदोनशे फुटांचे भोक एखाद्या दिवसात पडते.

पण तो एक दिवस येण्यासाठी आधी किती दिवस जात असतील, याचा विचार करून पाहा. या कामाची रोजची धावपळ यंत्राच्या गरजांवरूनच समजते. पहिला प्रश्न रस्त्याचा. रिग आणि कॉम्प्रेसर घेऊन जड गाडी गावापर्यंत पोहोचली पाहिजे. काळ्या रानात एक मोठा पाऊस झाला की बैलगाडी रुतते, तिथे ट्रकचे काय. म्हणजे पावसाळा उलटल्यावर कामाला लागायचे आणि पुढचा पाऊस येण्याआधी जितकी गावे होतील तितकी उरकायची. ओढ्यावरची फरशी वजन पेलेल का, वाटेतल्या बाभळीच्या फांद्या छाटाव्या लागतील का, हे आधी जाऊन बघायचे. डिझेलची पिंपे भरून ठेवायची, कारण कॉम्प्रेसर दिवसभर तेल पितो. मुरमात भोक ढासळू नये म्हणून वरच्या भागात घालायचे केसिंगचे पाइप मोजून चढवायचे. हातोड्याच्या टोकाचा बिट झिजला असेल तर घासून घ्यायचा, फुटला असेल तर नवा कुठून आणायचा याची चिंता करायची. यंत्र विलायतेचे, म्हणजे सुटा भागही तिकडचाच. तो बंदरात अडकला की सगळे ठप्प.

दुसरे काम माणसांचे. सरपंच, पाटील, तलाठी यांना भेटायचे. जागा ठरवायची. इथे भूगर्भशास्त्र आणि गाव समोरासमोर येतात. शास्त्र सांगते, जुन्या विहिरींचे पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जाते ते विचारा, ओढे कुठे मिळतात ते पाहा, खडकाची फट कोणत्या दिशेला जाते ते शोधा. गावचा पाणाडी हातावर नारळ उभा धरून दुसरीच जागा दाखवतो. आणि गावातले वजनदार लोक तिसरीच, म्हणजे आपल्या वाड्याजवळची! बोअर कुठल्या आळीत पडतो, यावर पुढची वीस वर्षे पाणी कोण भरणार आणि कोण ताटकळत उभे राहणार, हे ठरते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा. त्यानंतर चाळीस वर्षांनीही दलित बायका विहिरीच्या काठावर घागर घेऊन कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून थांबत होत्या.

हापशाने यात थोडा फरक पाडला. विहिरीत पोहरा पडतो, त्यामुळे ‘विटाळा’ला जागा मिळते. बोअरच्या बंद नळीत कुणाचे भांडे जात नाही. अर्थात जात एवढ्याने हरत नाही. दांड्याला हात लावण्यावरूनही मारहाणी झाल्या आहेत. गंमत अशी की त्या पंपाच्या पोटात पाणी ओढणारे वॉशर चामड्याचे असत. पण मोटही चामड्याचीच होती की! तिचे पाणी सोवळ्यातल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले.

बोअर झाला, पाणी लागले, वर पंप बसला. आणि खरी अडचण इथून सुरू झाली. तेव्हाचे बिडाचे हातपंप युरोप-अमेरिकेतल्या एकेका शेतकरी कुटुंबासाठी घडवलेल्या पंपांच्या नकला होत्या. दिवसात थोडा वेळ चालवायची ती वस्तू. आपल्याकडे त्याच दांड्यावर सगळा गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत जोर काढायचा. खिळी झिजायच्या, बीड तडकायचे. १९७४च्या सुमारास युनिसेफने महाराष्ट्र आणि तामिळनाडूत पाहणी केली, तेव्हा चारातले जवळपास तीन पंप बंद आढळले. इतका पैसा आणि घाम खर्चून पाडलेली भोके पाण्यावर तशीच उभी, आणि बायका पुन्हा जुन्या डबक्यावर.

जालन्याच्या लोकांना हे आधीच दिसले होते. ज्यांनी बोअर पाडला त्यांच्याच दारात पंप बिघडल्याची तक्रार येणार. त्यांनी बिडाचे डोके काढून पोलादी पत्र्याचे, वेल्डिंग केलेले डोके बनवले आणि अनेक खिळींच्या जागी दांडा एकाच आसावर फिरवला. सोलापुरात मिशनच्या वर्तुळातल्या सोलापूर वेल सर्व्हिसने, ज्यात ऑस्कर कार्लसन यांचे नाव घेतले जाते, ही कल्पना पुढे नेली. दांड्याच्या टोकाला कमानीसारखा तुकडा आणि त्यावरून साखळी. त्यामुळे आतली सळई तिरकी न ओढली जाता सरळ वर येते. शिवाय पंपाचा पाया केसिंगवर न टेकवता काँक्रीटमध्ये पक्का केला. दिसायला किरकोळ बदल, पण पंप वर्षभर टिकू लागला. कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेत हे झाले नाही. वेल्डिंगची ठिणगी उडणाऱ्या वर्कशॉपमध्ये मराठी मिस्त्री आणि परदेशी मिशनरी मिळून हे करत होते. त्या मिस्त्रींची नावे अहवालांत फारशी आली नाहीत, ही नेहमीचीच तऱ्हा.

सोलापूर पंप आधार धरून सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी नवा नमुना तयार केला. कोइमतूरच्या बाजूला खोल बोअरवर त्याची चाचणी झाली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू झाले आणि १९७९ साली त्याचे भारतीय मानक ठरले. हाच ‘इंडिया मार्क टू’. त्याचे पेटंट घेतले नाही. कुणीही बनवावा, असेच ठरले होते. म्हणूनच तो लाखोंच्या संख्येने पसरला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या यंत्राने पिण्याच्या पाण्याचे भोक पाडले, त्याच जातीच्या यंत्राने पुढे ऊस आणि मोसंबीसाठी हजारो भोके पाडली. दोनशे फुटांचे पाचशे झाले, पाचशेचे आठशे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा कित्येक गावचे हापसे नुसतीच हवा ओढत होते. याचा दोष मिशनऱ्यांना देता येणार नाही. जमिनीखालचे पाणी ज्याचा पंप मोठा त्याचे, असे आपण सर्वांनी चालू दिले.

आता धर्मांतराचा प्रश्न. मिशनला आपल्या धर्माचा प्रसार करायचा होताच, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण पंपाच्या दांड्याला कलमा किंवा बाप्तिस्मा विचारण्याची सोय नसते. आपल्या परंपरेत हे नवीन नाही. मदिनेत रूमाची विहीर विकतच्या पाण्याची होती. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती खरेदी केली आणि सर्वांसाठी वक्फ केली. आईच्या नावे कोणता सदका उत्तम, असे हजरत साद (रजि.) यांनी विचारले, तेव्हा पैगंबरांनी (स.) पाणी सांगितले, आणि त्यांनी विहीर खोदली. जालन्यापासून साठेक किलोमीटरवर मलिक अंबरने औरंगाबादसाठी, म्हणजे तेव्हाच्या खडकीसाठी, जमिनीखालून नहर आणली. तिच्या पाण्यालाही कुणी धर्म विचारला नाही.

मुस्लिम धर्मादाय संस्था आज आफ्रिकेतल्या गावांत दिवंगतांच्या नावे हातपंप बसवून देतात. आई-वडिलांसाठी सदका-ए-जारिया म्हणून लोक पैसे पाठवतात. पंपाजवळच्या फलकावर त्यांचे नाव असते, आणि कमानीवरून फिरणारी ती सोलापुरी साखळी तिथल्या कित्येक पंपांत असते.