पडद्यावरच्या नक्षीचं कूळ

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. बाप यंत्रमागावर, पोरगा संगणकावर साडीचे काठ-पदर रचतोय, असं चित्र तिथे नवलाचं नाही. दोघांची कामं वेगळी वाटतात, पण त्यांचं कूळ एकच.

नक्षी साठवण्याची युक्ती जुनी आहे. बनारसचे नक्शाबंद ती दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवत. फ्रान्सच्या ल्यों शहरात बुशाँने १७२५ मध्ये त्यासाठी भोकं पाडलेला कागद वापरला. तिथेच जॅकारने १८०४ च्या सुमारास पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ मागावर चढवली. एका बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, एक कार्ड.

कार्डाआधी ग्राफ भरावा लागे. उभी ओळ ताण्याची, आडवी बाण्याची. रंगवलेला चौकोन म्हणजे तिथे ताणा वर. इंचात ताणे शंभर आणि बाणे साठ असतील, तर चौकोनही त्याच मापात अरुंद आणि उंच घ्यायचे. नाहीतर कागदावरचं वर्तुळ कापडावर लंबगोल व्हायचं.

१९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीत ‘स्केचपॅड’ सादर केलं आणि प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढता येऊ लागली. त्याच दशकात आयबीएमच्या जॅनिस लॉरी यांनी ही सोय विणकामाला जोडली. आकृतीची कड माणसाने काढायची, प्रत्येक भागाची वीण ठरवायची. चौकोन यंत्राने भरायचे. १९६८ च्या सॅन अँटोनियोतल्या हेमिसफेअर प्रदर्शनात लोकांनी पडद्यावर काढलेल्या आकृत्या मागावर विणून निघाल्या. १९८३ मध्ये बोनास कंपनीचं इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड, म्हणजे जॅकारच्या यंत्रणेचं नवं रूप, आलं. आता कार्डांचीही गरज उरली नाही, फाइल थेट मागाला जाऊ लागली.

कापडाचा नियम मात्र बदलला नाही. पडद्यावर एका रंगाचा मोठा ठिपका क्षणात भरता येतो. त्याला मध्ये मध्ये वीण दिली नाही, तर विणताना तिथला धागा लांबवर मोकळा राहतो, बांगडीत अडकतो आणि साडी खराब होते.

म्हणून सुरतेत ग्राफिक्स शिकणाऱ्याच्या हाती माउसच्या आधी भिंग द्यावं आणि इंचभर कापडातले धागे मोजायला लावावं. ते जमलं की सॉफ्टवेअर कितीही बदललं तरी अडत नाही. आणि हा पहिला धडा द्यायला, घरात माग चालवणारा बाप असेल, तर त्याच्याइतका चांगला गुरू दुसरा नाही.