फोडीवर पेरलेली बुरशी

बटाट्याची किंवा गाजराची ओलसर फोड डब्यात झाकून ठेवायची, काही दिवसांनी तिच्यावर पांढरा-हिरवा बुरा धरला की वहीत नोंद करायची. शाळाशाळांतून होणारा हा प्रयोग इतका साधा आहे, की त्याला काही पूर्वपीठिका असेल असे कुणाच्या मनात येत नाही. त्याचा मूळपुरुष मात्र इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात सापडतो.

सतराव्या शतकात बुरशी आपोआप उपजते, असेच विद्वान मानत. रॉबर्ट हूकने १६६५ साली एका पुस्तकाच्या चामडी वेष्टणावरची बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तिचे सुरेख चित्र काढले. पण ती बीजावाचून, सडण्यातूनच निपजते असे त्याचेही मत पडले. तीनच वर्षांनी फ्रान्चेस्को रेदीने झाकलेल्या आणि उघड्या भांड्यांत मांस ठेवून दाखवले, की माश्यांनी अंडी घातल्याशिवाय मांसात अळ्या होत नाहीत. अळ्यांचा प्रश्न असा बऱ्यापैकी सुटला, बुरशीचा तसाच राहिला.

तो हाती घेतला प्येर आंतोनिओ मिकेली याने. १६७९ साली गरीब घरात जन्मलेला हा माणूस बहुतांशी स्वतःच शिकला आणि पुढे तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकचा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. बुरशीवरची बारीक भुकटी म्हणजेच तिचे बी, अशी त्याला शंका होती. बी असेल तर ते पेरता आले पाहिजे! त्याने खरबूज, पेअर आणि क्विन्स नावाच्या तुरट फळाच्या फोडी केल्या, त्यांवर निरनिराळ्या बुरशींची भुकटी टाकली आणि वाट पाहिली. जी पेरली तीच उगवली. नव्या पिकाची भुकटी पुन्हा पेरली, पुन्हा तीच जात आली. १७२९ साली ‘नोव्हा प्लांटारम जेनेरा’ या ग्रंथात त्याने हे छापले. ॲस्परजिलस ही बुरशीची प्रजाती आजही त्याने दिलेल्या नावानेच ओळखली जाते.

काही फोडींवर न पेरलेली बुरशीही उगवली होती. तिचे बी हवेतून आले, असे मिकेलीने म्हटले, आणि ते बरोबर होते. तरी समकालीनांपैकी अनेकांनी त्याचे म्हणणे मनावर घेतले नाही. मला या साऱ्या हकिकतीत त्याची ही चिकाटी फार मोलाची वाटते, कारण डोळ्यांना न दिसणारे हे बी, म्हणजे बीजाणू, हवेत तरंगत असतात हे पटवणे त्या काळी सोपे नव्हते.

हवेतून पडणाऱ्या अशाच सूक्ष्म जीवांनी पुढे जर्मनीत जंतूंचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॉखला वाट दाखवली. उकडलेल्या बटाट्याची कापलेली बाजू उघडी राहिली की तिच्यावर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके उठतात. एका ठिपक्यात एकाच जातीचे जीव असतात, हे त्याने हेरले. द्रवात सगळे एकमेकांत मिसळून जात. बटाट्याच्या घट्ट पृष्ठभागावर मात्र जो जिथे पडला तिथेच वाढला, म्हणून एकेक जात वेगळी काढता आली. १८८१ च्या सुमाराचे हे काम. पण बटाट्यावर सगळेच जंतू वाढत नव्हते, आणि तो पारदर्शकही नव्हता. मग जिलेटिन आले. तेही उष्णतेने वितळू लागले, तेव्हा वॉल्टर हेसे या सहकाऱ्याच्या पत्नीने, फॅनी हेसेने, स्वयंपाकघरात जेली घट्ट करायला वापरले जाणारे अगर सुचवले. १८८७ साली कॉखचा साहाय्यक पेट्री याची झाकणाची बशी आली आणि मांडणी पुरी झाली.

आपल्या शाळांमध्ये मिकेलीची पेरणी गळाली आहे, हे मला खटकते. नुसती वाट पाहिली तर बुरशी ‘आपोआप आली’ हाच जुना समज मुलांच्या मनात पक्का होतो. म्हणून उकडलेल्या बटाट्याच्या दोन फोडी घ्याव्यात. स्वच्छ काडीने पावावरची बुरशी एकीला लावावी, दुसरी तशीच ठेवावी. दोन्ही पारदर्शक डब्यांत बंद करून कुठे काय आणि केव्हा उगवते ते लिहावे. दुसरीवरही काही उगवले, तर ते कुठून आले यावर वर्गात चर्चा रंगू द्यावी. झाकण मात्र उघडू नये, दम्याच्या मुलांना बीजाणूंचा त्रास होतो.

बटाट्याचे काम अजून संपलेले नाही. पिकांवरच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत बुरशी वाढवायला आजही जे माध्यम सर्रास वापरतात, ते लिटरभर पाण्यामागे २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, थोडे डेक्स्ट्रोज आणि अगर यांचेच असते.