वायरलेस कॅमेऱ्याचे सेल बदलताना
प्रतिनिधी

घराच्या दारावर कॅमेरा लावला की सुरक्षेची चिंता मिटली, असा अनेकांचा समज असतो. तारेने जोडलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही आहे. घरात वीज असेपर्यंत तो चालू राहतो. बॅटरीवर चालणाऱ्या वायरलेस कॅमेऱ्याचे मात्र तसे नाही. त्याचे सेल संपले तरी तो भिंतीवर पूर्वीसारखाच दिसतो, फक्त त्याचे पाहणे थांबलेले असते. मे महिन्याच्या सुटीत सारे कुटुंब गावी गेले असेल, किंवा घरात वृद्ध आई-वडील एकटे असून मुले परदेशातून मोबाइलवर लक्ष ठेवून असतील, तर ही गोष्ट काही अघटित घडल्यावरच उघडकीस येण्याची भीती असते. त्यामुळे वेळेवर आणि योग्य प्रकारचे सेल घालणे हा या सुरक्षाव्यवस्थेचाच भाग मानला पाहिजे.

बॅटरी खर्च कशी होते?

हा कॅमेरा बहुतांश वेळ झोपलेला असतो. माणसाच्या किंवा प्राण्याच्या शरीरातील उष्णतेची हालचाल ओळखणारा ‘पीआयआर’ हा संवेदक तेवढा जागा असतो आणि त्याला फारच थोडी वीज लागते. हालचाल टिपली गेली की कॅमेरा जागा होतो, चित्रीकरण करतो आणि ते वाय-फायवरून पाठवतो. खरा खर्च होतो तो या काही सेकंदांत. रात्री न दिसणारे अवरक्त दिवे लागतात, त्यामुळे खर्च आणखी वाढतो. साहजिकच वर्दळीच्या जिन्यासमोरील कॅमेऱ्याचे सेल बंगल्याच्या मागील दारावरच्या कॅमेऱ्यापेक्षा लवकर संपतात. वाय-फायचा सिग्नल क्षीण असेल किंवा मोबाइलवर थेट दृश्य वारंवार पाहिले जात असेल, तरीही तोच परिणाम होतो. खोक्यावर छापलेले आयुष्य हे कंपनीने गृहीत धरलेल्या वापरापुरतेच खरे असते.

सेल कोणता?

बहुतेकांची गल्लत होते ती येथे. आपण ज्याला पेन्सिल सेल म्हणतो, त्या एकाच आकारात किमान चार प्रकारचे सेल मिळतात. किराणा दुकानातला स्वस्त सेल बहुधा झिंक-कार्बनचा असतो. भिंतीवरच्या घड्याळाला तो पुरतो. पण कॅमेरा जागा होताना एकदम मागतो तेवढी वीज देणे त्याला झेपत नाही. अल्कलाइन सेल त्याहून सरस आहे, मात्र वापरागणिक त्याचा दाब हळूहळू उतरत जातो. लिथियमचा, एकदाच वापरायचा सेल १.५ व्होल्टचाच असतो. पण तो शेवटपर्यंत जवळजवळ समान दाब देतो, वजनाने हलका असतो आणि उणे ४० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत काम करतो. चौथा प्रकार पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा. त्याचा दाब १.२ व्होल्ट असल्याने काही कॅमेरे पहिल्याच दिवशी ‘बॅटरी कमी’ असा इशारा देऊ लागतात.

अॅमेझॉनच्या ब्लिंक कॅमेऱ्यांना असे दोन लिथियम पेन्सिल सेल लागतात. आर्लोच्या पहिल्या वायरलेस कॅमेऱ्यात ‘सीआर१२३ए’ हे तीन व्होल्टचे, आखूड व जाड असे चार लिथियम सेल बसतात. परदेशातील नातेवाइकांनी भेट म्हणून आणलेल्या कॅमेऱ्याचे सेल जवळच्या दुकानात मिळतीलच असे नाही. म्हणून एक जोड आधीच आणून ठेवावा.

लिथियम सेलची एक अडचणही आहे. त्याचा दाब शेवटपर्यंत टिकून राहत असल्याने मोबाइलवरील बॅटरीचे चिन्ह बराच काळ ‘ठीक’ दाखवते आणि पुढे अल्पावधीत सेल संपतो. लांबच्या प्रवासाला निघताना या चिन्हावर विसंबू नये. सेल जुने झाले असतील, तर निघण्यापूर्वीच बदलावेत.

बदलण्याची पद्धत

१. काम दिवसाउजेडी, पाऊस नसताना करावे. शक्य असल्यास कॅमेरा खाली काढून टेबलावर घ्यावा. शिडीवर उभे राहून झाकण उघडू नये.

२. अॅपमधून हालचालीची सूचना तात्पुरती बंद करावी. नंतर झाकण पुसून घेऊनच उघडावे, म्हणजे धूळ आत जाणार नाही.

३. सर्व सेल एकदम काढावेत आणि एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे नवे सेल घालावेत. जुना व नवा सेल एकत्र घातल्यास भरलेला सेल रिकाम्या सेलवर भार टाकतो. तो गळू शकतो आणि लिथियमचा असल्यास तापून फुटूही शकतो.

४. आतील पट्ट्यांवर पांढरट थर दिसला, तर अल्कलाइन सेल गळला आहे असे समजावे. हातमोजे घालून, कापसाच्या काडीवर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन तो पुसावा आणि पट्ट्या पूर्ण कोरड्या करूनच नवे सेल घालावेत.

५. अधिक-उणेच्या खुणा पाहून सेल बसवावेत. झाकणाभोवतीची रबरी पट्टी जागेवर आहे ना, हे पाहावे. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात पाणी आत शिरते ते बहुधा याच फटीतून.

६. कॅमेरा पूर्वीच्याच कोनात लावावा आणि बंद केलेली सूचना न विसरता पुन्हा सुरू करावी. मग स्वतः त्याच्यासमोरून चालत जावे आणि चित्रण मोबाइलवर येते का ते तपासावे. रात्री दिवा मालवून पुन्हा एकदा हीच चाचणी घ्यावी.

बदलल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंदवून ठेवावी. दोन-तीन वेळच्या नोंदींवरून आपल्या घरी सेल किती टिकतात, याचा नेमका अंदाज येतो.

चार्ज होणारी बॅटरी

अनेक कॅमेऱ्यांत सेलऐवजी लिथियम-आयन बॅटरी असते. ती वारंवार विकत घ्यावी लागत नाही; पण चार्ज होण्यास काही तास लागतात आणि बॅटरी काढून घेतलेली असल्यास तेवढा वेळ घर कॅमेऱ्याविना राहते. बॅटरी सुटी निघत असेल, तर दुसरी जवळ ठेवणे सोयीचे. ही बॅटरी साधारण ० ते ४५ अंश तापमानातच चार्ज करावी. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे उन्हातून काढलेली बॅटरी सावलीत थंड होऊ द्यावी आणि मगच चार्जिंगला लावावी. अमेरिका-कॅनडातील बर्फाळ हिवाळ्यात याच्या उलट, ती घरात आणून ऊब येऊ द्यावी. गादीवर किंवा उशीजवळ चार्जिंग करू नये. फुगलेली बॅटरी टोचू अथवा दाबू नये. तिचा वापर त्याच क्षणी थांबवावा. सौर पॅनेल जोडले असले, तरी पावसाळ्यातील ढगाळ आठवड्यांत बॅटरीकडे लक्ष ठेवावेच लागते.

जुन्या सेलचे काय?

केंद्र सरकारने २०२२मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू केले. त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या घरच्या इतर कचऱ्यात न मिसळण्याची जबाबदारी ग्राहकांवर. वेष्टनावरील फुली मारलेली कचराकुंडी हेच सांगते. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी, म्हणजे ते एकमेकांना लागून ठिणगी पडणार नाही. असे सेल वेगळ्या डब्यात साठवून ई-कचरा संकलन केंद्रात द्यावेत. बंबात किंवा शेकोटीत ते कदापि टाकू नयेत.

हे सारे काम जेमतेम अर्ध्या तासाचे आहे. घरातील किमान दोघांना ते येत असावे. कारण ‘बॅटरी कमी’ हा संदेश ज्याच्या मोबाइलवर येतो, तो त्या दिवशी घरी असेलच असे नाही.