चायनाटाउन

अमेरिकी रहस्यपट (१९७४). दिग्दर्शक रोमान पोलान्स्की, पटकथा रॉबर्ट टाउन, छायालेखन जॉन ए. अलोन्झो. कथा १९३७ च्या लॉस एंजेलिसमधली. खासगी गुप्तहेर जेक गिटिस (जॅक निकल्सन) पाणीखात्याच्या मुख्य अभियंत्यावर पाळत ठेवतो; पुढे अभियंत्याचे प्रेत गोड्या पाण्याच्या जलाशयात सापडते, पण फुप्फुसांत खारे पाणी निघते.

चित्रपट रंगीत आणि बराचसा लख्ख उन्हातला. म्हणून त्याला नॉयर (काळोख्या, कृष्णधवल गुन्हेपटांचा प्रकार) म्हणावे का, असा आक्षेप असतो. 'निओ-नॉयर' हे लेबल त्यावर तडजोड म्हणून चालते. पण इथला काळोख प्रकाशयोजनेत नाही, पुराव्याच्या वाचनात आहे. कॅमेरा गिटिसला सोडून जात नाही. तो बेशुद्ध पडला की पडदाही काळा होतो. त्याची पद्धत मात्र चोख आहे. गाडी कधी हलली हे कळावे म्हणून तो चाकाखाली स्वस्तातली खिशातली घड्याळे ठेवतो. चिरडलेले घड्याळ वेळ सांगते. जमिनीच्या दप्तरात तो पट्टी टेकवून, खोकल्याच्या आवाजाआड पान फाडतो आणि वृद्धाश्रमातल्या रहिवाशांच्या नावे झालेली बेनामी खरेदी उघड करतो. हीच नजर अभियंत्याच्या घरात फसते. अंगणातल्या खाऱ्या तळ्यात चष्मा सापडतो. तो मृताचा मानून गिटिस मृताची पत्नी एव्हलिनवर (फे डनावे) संशय घेतो आणि पोलिसांना कळवतो. चष्मा दुहेरी भिंगांचा, म्हणजे तिच्या बापाचा, नोआ क्रॉसचा (जॉन ह्यूस्टन), हे नंतर कळते. वस्तू योग्य जागी सापडली होती, अर्थ तेवढा चुकला. 'द बिग स्लीप'मध्येही (१९४६) प्रेक्षक गुप्तहेराबरोबरच चालतो, मग यात नवे काय, असे विचारता येईल. तिथे सत्य हाती लागल्यावर गुप्तहेर शेवट आपल्या हातात घेतो. इथे सत्य कळूनही एव्हलिन पोलिसांच्या गोळीने मरते आणि क्रॉस मोकळा राहतो. टाउनच्या मनात वेगळा शेवट होता. हा पोलान्स्कीच्या आग्रहाचा. त्याच्याशिवाय गिटिसची चूक निस्तरता येण्याजोगी ठरली असती आणि चित्रपट चतुर कोड्यापुरता उरला असता.

ओवेन्स खोऱ्याचे पाणी लॉस एंजेलिसमध्ये आणणारा कालवा १९१३ मध्ये सुरू झाला. त्या पाण्यावरून झालेल्या वादाचे सावट कथेवर असले तरी काळ पुढे सरकवलेला असल्याने चित्रपट इतिहास म्हणून वाचू नये.

ऑस्करची ११ नामांकने. पुरस्कार एकच, पटकथेला.

संगीत : जेरी गोल्डस्मिथ.

उत्तरभाग : 'द टू जेक्स' (१९९०), दिग्दर्शक निकल्सन.